बेताल ठोका आणि विसरण्याची धास्ती

प्रस्तावना

हृदयाचे ठोके बेताल पडताहेत असे ईसीजीच्या पट्टीवर दिसले, की माणूस आधी विचारतो, "अ‍ॅटॅक येणार का?" मागोमाग लकव्याचा प्रश्न येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त नेमका असतो. तिसरा प्रश्न अलीकडे ऐकू यायला लागला आहे. तो डॉक्टरांसमोर कुणी काढत नाही. केसपेपर घेऊन बाहेर आल्यावर, मेडिकलच्या पायरीवर, मुलगा गोळ्यांचे पैसे देत असतो तेव्हा तो हळूच विचारला जातो. "गुरुजी, ह्या दुखण्यात डोकं बी जातं म्हणत्यात. खरं का वो?"

ही पुस्तिका त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. त्याला एका शब्दात उत्तर देणारे लोक आमच्या घोडेगावात भरपूर आहेत, मोबाइलवर त्याहून जास्त. "हो" म्हणणारा घरभर भीती पसरवतो. "काही होत नाही" म्हणणारा बहुधा गोळ्याही बंद करायला सांगतो. मी डॉक्टर नाही. विज्ञान शिकवण्यात नोकरी गेली, आणि फळ्यावर ज्या हृदयाची आकृती काढत आलो त्याच्याच वरच्या कप्प्यांनी निवृत्तीनंतर ताल सोडला. तेव्हापासून मिळेल ते वाचतो, न समजलेले डॉक्टरांना विचारतो आणि त्यांनी "गुरुजी, आता पुरे" म्हटले की गप्प बसतो. पुढची पाने त्या वाचनातून आणि विचारण्यातून झाली आहेत. औषधाचे प्रमाण त्यांत कुठेही दिलेले नाही, आणि ते मुद्दाम दिलेले नाही.

आधी दुखणे काय ते पाहू. हृदयाला चार कप्पे. वरची दोन अलिंदे, खालची दोन निलये. उजव्या अलिंदातल्या एका छोट्या केंद्रातून विजेची लहर निघते, वरचे कप्पे आकसतात, मग खालचे. या दुखण्यात, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये, वरच्या कप्प्यांत एका लहरीऐवजी शेकडो लहरी सैरावैरा फिरतात. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे. एवढ्या गतीने कोणताही स्नायू आकसू शकत नाही, म्हणून तो नुसता थरथरतो. खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एक चौकी आहे, ती यातल्या बहुतेक लहरी अडवते आणि काही सोडते. कोणती सोडेल याला नेम नाही. म्हणून मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवली तर असे लागते: एक ठोका, लगेच दुसरा, मग बराच वेळ काहीच नाही, मग जोराचा एक, मग दोन पुसट. नुसती जलद किंवा नुसती मंद नाडी वेगळी. इथे दोन ठोक्यांमधले अंतर दर वेळी बदलते आणि त्या बदलण्यालाही कसला क्रम सापडत नाही. आपल्याकडच्या वैद्यांनी नाडीच्या चालीला बेडूक, हंस, सर्प यांची नावे दिली. शार्ङ्गधरसंहितेत थांबत थांबत चालणारी नाडी वाईट मानली आहे. बोटांना कळत होते. आत काय चालले आहे ते कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

ते ज्यांच्यामुळे कळले त्यांतला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. जेम्स मॅकेन्झी हा इंग्लंडमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावातला साधा जनरल प्रॅक्टिशनर. मोठे इस्पितळ नाही, हाताखाली कोणी नाही. त्याच्याजवळ होते ते एवढेच, की तेच तेच पेशंट वर्षानुवर्षे त्याच्याकडे येत. झडप आवळलेली एक बाई त्याने अशीच कित्येक वर्षे तपासली होती. १८९०च्या दशकात तिची नाडी एकाएकी बेताल झाली ती कायमची, आणि त्याच वेळी वरच्या कप्प्याच्या आकसण्याची खूण नाडीची चाल टिपणाऱ्या त्याच्या यंत्राच्या कागदावरून नाहीशी झाली. अलिंद लुळे पडले असावे, असा त्याने अंदाज केला. ते लुळे पडत नाही, थरथरते, हे १९०९मध्ये टॉमस लुईसने ईसीजीच्या साहाय्याने दाखवले. गावातल्या ज्या डॉक्टरकडे आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो, त्याच्या जुन्या केसपेपरांना असे मोल असते. आपल्याकडे ते पावसाळ्यात भिजतात, हा भाग वेगळा.

अलिंद थरथरत राहिल्याने माणूस लगेच मरत नाही. कित्येकांना कळतही नाही, कुणाला धाप लागते, कुणाला छातीत फडफड होते, कुणी म्हणतो, "नुसतं गळल्यासारखं होतं." खरा धोका डाव्या अलिंदाला चिकटलेल्या एका लहानशा पिशवीत असतो. आकसणे थांबले की तिच्यात रक्त साचून राहते, आणि न हलवता ठेवलेले दूध विरजते तसे ते साकळते. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासात या आजारामुळे लकव्याचा धोका सुमारे पाचपट वाढलेला दिसला. सांधेतापाने झडप खराब झालेल्यांत तो सतरापट होता. एवढे मोठे आकडे वैद्यकात फार थोड्या ठिकाणी भेटतात. म्हणून या दुखण्यात डॉक्टर पहिला विचार ठोके ताळ्यावर आणण्याचा करोत वा न करोत, रक्त पातळ ठेवण्याचा करतातच.

त्या औषधाची कहाणी आपल्या गावाने ऐकावी अशी आहे. घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार दूरवर माहीत आहे. दावणीला म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक दात बघते, कास दाबून बघते, आणि दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवतो. असल्याच पशुपालकांच्या मुलखात, कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात, १९२०च्या दशकात गाई अचानक दगावू लागल्या. शिंगे काढली की रक्त थांबेना. खच्चीकरण केलेले गोऱ्हे सकाळपर्यंत मरून पडलेले. फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने माग काढला तो वैरणीपर्यंत. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून बुरशीने खराब झाला, की तो खाणाऱ्या जनावराचे रक्त गोठेनासे होई. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, खराब वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात आला. पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते, म्हणून जे दार उघडे दिसले त्यात तो शिरला. ती कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा निघाली. लिंकच्या चमूने १९३९मध्ये वैरणीतला दोषी पदार्थ वेगळा काढला. त्याचेच पुढे घडवलेले रूप म्हणजे वॉर्फरिन. ते १९४८मध्ये उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४पासून माणसांना देऊ लागले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिले गेले. आपल्याकडे डॉक्टर बऱ्याचदा लिहून देतात ती अ‍ॅसिट्रॉम याच कुळातली. "उंदराचं औषध देतात" असे कुणी कुजबुजले तर ते खोटे नाही. पण प्रमाण पाहायला आयएनआर नावाची रक्ततपासणी आहे, आणि बहुतेकांत तो आकडा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा असतो, एवढे त्याला सांगावे.

आता डोक्याचा प्रश्न.

१९९७मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या साडेसहा हजार वयस्कांच्या पाहणीत बेताल ठोके आणि विसरणे यांची सांगड ठळकपणे दिसली. ज्यांचे ठोके बेताल होते त्यांच्यात स्मृतिभ्रंश सुमारे दुप्पट होता. पुढे त्याच लोकांवर वीस वर्षे लक्ष ठेवल्यावर २०१५मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली: हा संबंध सर्वांत घट्ट होता तो सदुसष्टच्या आतल्या आणि दुखणे जास्त वर्षे अंगावर वागवलेल्या लोकांत. २०१३मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांना लकवा येऊन गेला होता त्यांच्यात बेताल ठोक्यांबरोबर बुद्धी मंदावण्याची शक्यता अडीचपटीहून जास्त भरली. लकवा कधीच न आलेल्यांतही ती साधारण एकतृतीयांशाने वाढलेली होती.

हा शेवटचा आकडा माणसाला झोपू देत नाही. लकवा नाही, तोंड वाकडे झाले नाही, तरीही? कारणे अनेक सांगतात. मेंदूचा एमआरआय केला की या लोकांत पुष्कळदा जुन्या, बारीक गुठळ्यांचे व्रण सापडतात. ज्याच्या डोक्यात ते असतात त्याला ते कधी झाले याचा पत्ता नसतो. दुसरे, ठोका बेताल पडला की दर वेळी वर जाणारे रक्त कमीजास्त होते. तिसरे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. रक्तदाब, साखर, लठ्ठपणा, वय ही मंडळी हृदयही खराब करतात आणि मेंदूही. मग दोघे एकत्र बिघडले, तर एकाने दुसऱ्याला बिघडवले असे म्हणायचे, की दोघांना एकाच तिसऱ्याने? शाळेत मुलांना सांगत आलो की दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. स्वतःच्या छातीवर ते वाक्य लागू करायला जरा जड जाते.

मग रक्त पातळ ठेवले तर डोके वाचते का? स्वीडनमध्ये २०१८ साली ४,४४,१०६ पेशंटांच्या सरकारी नोंदी तपासल्या. सुरुवातीपासून रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश २९ टक्क्यांनी कमी होता. आनंदाची बातमी, पण गोम अशी की डॉक्टर असे औषध कुणाला देतात? जो नेमाने घेईल त्याला. जो आधीच विसरभोळा झालाय, त्याला द्यायला कचरतात. म्हणजे फरक औषधाचा किती आणि माणसांच्या निवडीचा किती, हे नोंदवहीतून वेगळे काढता येत नाही. ते काढायला कॅनडात बाराशेवर लोकांची चाचणी झाली, तिचे नाव ब्रेन-एएफ. ही सगळी तीस ते बासष्ट वयाची आणि लकव्याचा धोका कमी असलेली माणसे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. नोव्हेंबर २०२४मध्ये निकाल सांगितला गेला: बुद्धी टिकवण्यात औषधाचा काही फायदा दिसला नाही, म्हणून चाचणी आधीच थांबवावी लागली. ठोके लवकर ताळ्यावर आणण्याच्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत लकवा आणि हृदयविकारामुळे होणारे मृत्यू घटले, पण दोन वर्षांनी बुद्धीच्या कसोटीत दोन्ही गटांत फरक नव्हता.

यातून मी असा अर्थ घेतो. लकव्याचा धोका असलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी लकव्यासाठी घ्यावी, आणि लकवा टळला तर त्यातून येणारा स्मृतिभ्रंशही टळतो, हा तिचा डोक्याला होणारा पक्का फायदा. त्यापलीकडचे वचन आज कोणी देऊ नये. केवळ विसरायच्या भीतीपोटी जमीन गहाण टाकून ठोके सरळ करण्याची प्रोसिजर करून घ्यायला कोणी निघाला, तर त्याला मी दोन दिवस थांब म्हणेन. धाप लागत असेल, औषधांनी भागत नसेल, तर ती प्रोसिजर चांगलीच आहे. ते कारण वेगळे.

आणखी एक अडचण पुस्तिकेभर मला टोचत राहिली. यातले बहुतेक आकडे सत्तरी-पंचाहत्तरीतल्या गोऱ्या माणसांचे आहेत. आपल्याकडे हे दुखणे दोन वेगवेगळ्या माणसांना होते. एक म्हणजे माझ्यासारखा म्हातारा, रक्तदाबवाला. दुसरी चाळिशीची बाई, लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते आणि त्यात हृदयाची झडप आवळली गेली, हे तिला आता कळलेले. २०११-१२मध्ये भारतातल्या चोवीस केंद्रांवर १,५३७ पेशंटांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय पंचावन्नच्याही आत होते आणि जवळपास निम्म्यांना, ४७.६ टक्के लोकांना, सांधेतापाची झडप होती. युरोपातल्या अभ्यासांत ही बाई जवळजवळ नसतेच. तिच्यासाठी वेगळी चाचणी झाली ती २०२२मध्ये. तीत भारतही होता, साडेचार हजार पेशंट, सरासरी वय पन्नास, त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका. नवी, महाग, तपासणी न लागणारी गोळी जिंकेल असा होरा होता. जिंकली ती जुनी, गाईच्या वैरणीतून आलेली; ती घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. म्हणून "आता नव्या गोळ्या आल्यात, जुनी सोडा" हा पारावरचा सल्ला या बाईने ऐकू नये. तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन सांगितले असेल तर तेही चुकवू नये. दिवस राहायचे असतील तर आधी डॉक्टरांना सांगावे, कारण जुनी गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. आणि तिच्या विसरण्याचे काय? तिच्या वयाच्या, तिच्या झडपेच्या बायकांवर वीस-वीस वर्षे लक्ष ठेवलेला अभ्यास मला सापडलेला नाही. रॉटरडॅमच्या म्हाताऱ्यांची भीती तिने जशीच्या तशी उसनी घेण्याचे कारण नाही, आणि त्यांना मिळालेला दिलासाही.

स्मरणशक्ती तपासायची कशी, हा प्रश्नही इथे वेगळा होतो. परदेशी कसोटीत विचारतात, आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहून दाखवा. आमच्या गल्लीतल्या एका आजींना तारीख कधीच माहीत नव्हती, तरुणपणीही नव्हती. पण शुक्रवार बाजाराचा, एकादशी उपासाची आणि शनिवारी अमावस्या आली की शिंगणापूरच्या फाट्यावर गाड्यांची रांग लागणार, हे त्या आधी आठवडाभर सांगतात. सातवी शिकलेल्या नातवाला त्या हिशेबात हरवतात. अशा माणसासाठी कसोटी बदलावी लागते, हे हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्यांनी ओळखले आणि १९९५मध्ये अक्षरओळख नसलेल्यांसाठी हिंदीतली कसोटी तयार झाली. तेव्हा पेन हातात देऊन "लिहा" म्हटल्यावर म्हातारी गोंधळली, तर घाबरू नका. गोंधळ कशात होतो ते बघा. नेहमीचा स्वयंपाक करताना क्रम चुकायला लागला, ओळखीच्या वाटेवर पाऊल थबकायला लागले, गाईचे दूध काढून झाले की नाही ते आठवेना, तर दाखवा. आणि दाखवताना थायरॉइड व बी-बारा तपासायला सांगा. थायरॉइड वाढले तर ठोकेही बेताल होतात आणि मनही थाऱ्यावर राहत नाही. बी-बारा माळकरी घरांत कमी सापडते. ही दोन्ही सुधारता येणारी कारणे आहेत.

भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांत आणि खेड्यांत ते जास्त. जगभरातल्या तज्ज्ञांचा लॅन्सेट आयोग २०२४मध्ये म्हणाला की आयुष्यभरात चौदा कारणे आवरली तर जवळपास निम्मा, ४५ टक्के, स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. त्या चौदांत कमी शिक्षण आहे, बहिरेपणा आहे, रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू, एकटेपणा आहे. एट्रिअल फिब्रिलेशन त्या यादीत नाही. माझ्यासारख्याने ही यादी दोनदा वाचावी. ज्याच्या नावाने झोप उडाली ते तिच्यात नाही, आणि ज्याची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवली जाते तो रक्तदाब आहे.

रक्तदाबाबाबत तर खेड्यातलाच पुरावा आला आहे. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांत सुमारे ३४ हजार लोकांची चाचणी झाली. निम्म्या गावांत गावातल्याच साध्या आरोग्यसेवकांनी, ज्यांना पदवीचे डॉक्टर म्हणता येणार नाही अशांनी, घरोघरचा रक्तदाब मोजला, गोळी वाढवली, पाठपुरावा केला. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी निघाला. हा निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. वाचताना मला आपल्याच जिल्ह्यातले जामखेड आठवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले आणि त्या बायकांनी गावोगावची बाळंतपणे आणि लेकरांचे आजार सांभाळले. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रक्तदाबाचा पट्टा बांधताना त्याच हाताची नाडी अर्धा मिनिट बघायला वेगळे यंत्र लागत नाही, पगार लागत नाही. आशाताईंना ते शिकवायला एक दुपार पुरेल. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेल्या घड्याळाने ठोका चुकल्याची सूचना दिली, तर तीही फेकून देऊ नका. ईसीजी काढून खात्री करा, इतकेच.

गोळ्यांबद्दल पुढे एक प्रकरणच आहे, पण तीन गोष्टी इथेच सांगतो, कारण प्रस्तावनाच वाचून पुस्तक ठेवून देणारे बरेच असतात. मी स्वतः तसा आहे.

"मी रक्त पातळ व्हायची गोळी घेतो" असे म्हणणाऱ्या पुष्कळांच्या पाकिटात इकोस्प्रिन निघते. ती अ‍ॅस्पिरिन. हृदयाच्या दुसऱ्या दुखण्यांत ती उपयोगी आहे, या दुखण्यातल्या गुठळीवर ती तोकडी पडते, हे मोठ्या चाचण्यांतून दिसून चुकले आहे. आपली कोणती ते डॉक्टरांकडून नावानिशी माहीत करून घ्या. दुसरी गोष्ट उपासाची. चातुर्मासात, नवरात्रात, एकादशीला गोळी "उद्या घेऊ" म्हणून राहते. नव्या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो, आणि राहिलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन घेऊन होत नाही. त्यातली रिव्हारोक्साबॅन तर भरल्या पोटी घेतली तरच अंगी लागते. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी किंवा भगर खाऊन घ्या, पण घ्या. देवाला गोळीचे वावडे असल्याचे मी कुठल्या पोथीत वाचलेले नाही. तिसरी गोष्ट गुडघ्याची. कांद्याच्या गोण्या उचलून, खुरपून गुडघे सगळ्यांचेच गेलेत, आणि मेडिकलवाला मागितल्यावर दुखण्याची गोळी देतो. रक्त पातळ असताना ती पोटातून रक्तस्राव करू शकते. जाता जाता, अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्याने मेथी-पालक बंद करायची गरज नाही, एक दिवस गड्डीभर आणि मग महिनाभर काहीच नाही असे मात्र करू नये. ताप-जुलाबाला दुसरे औषध सुरू झाले तर आयएनआर लवकर करून घ्यावे.

तरीही गुठळी सुटलीच, तर घरच्यांनी एवढे ओळखावे: तोंड एका बाजूला ओढले जाते, एक हात खाली गळतो, बोबडी वळते. "वारं गेलं" म्हणून चोळायला, झाडायला, अमुक गावचे औषध आणायला जाऊ नका. १०८ला फोन करा आणि सिटी स्कॅन असलेल्या इस्पितळात जा. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला पहिले साडेचार तासच असतात, आणि ते देता येईल की नाही हे रक्त पातळ करणारी कोणती गोळी, शेवटची कधी घेतली यावर ठरते. ते सांगणारे माणूस सोबत हवे.

शेवटी एक तक्रार, आजारापेक्षा घरांविषयीची. ठोक्याचे निदान झाले आणि "डोकं जातं" हे कानावर आले, की मुले प्रेमापोटी व्यवहार काढून घेतात. कांदा विकायला बापाने जायचे नाही, पासबुक सुनेकडे, मोबाइलवर पैसे पाठवायचे नाहीत, बाजारात एकट्याने जायचे नाही. विकलेल्या कांद्याची पट्टी आली तरी त्याला दाखवत नाहीत. महिन्याभरात तो ओट्यावर बसून राहतो, कुणाशी बोलत नाही, आणि मग सगळे म्हणतात, बघा, लागला म्हातारचळ. चौदांतले एकटेपणाचे कारण त्या घराने स्वतःच्या हाताने आणून ठेवलेले असते. कान ऐकू येत नसले तर आणखी लवकर. माझ्या सुनेलाही हे पान वाचायला दिले आहे. तिने वाचून पासबुक परत आणून दिले आणि वर म्हणाली, "बाबा, पण सहीचं पेन मीच ठेवते." तडजोड मान्य केली.

पहिली तीन प्रकरणे आजारी माणसाने वाचावीत, चौथे त्याची गोळ्यांची डबी भरणाऱ्याने. झडपेच्या दुखण्याचे प्रकरण वेगळे ठेवले आहे, तिथे लेकीसुनांसाठी जास्त लिहिले आहे. स्मरणाच्या कसोटीचे पान घरच्यांनी परीक्षा घेतल्यासारखे वापरू नये. शेवटचे पान कापून घ्यायचे आहे: त्यावर नाव, दुखणे, गोळीचे नाव, शेवटचा आयएनआर आणि घरच्या दोघांचे फोन लिहायला जागा सोडली आहे. ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवा, मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलेत तरी चालेल. गोळी बदलली की जुने पान फाडा आणि नवे लिहा. कोऱ्या पानांची जास्तीची प्रत मागे जोडली आहे.